माणशी चार पाय

आमच्या घराण्यात कायदा एकच होता, आणि तो कुठंही लिहिलेला नसल्यामुळं त्यातून पळवाट काढायची सोय नव्हती. चारापेक्षा जास्त पाय असलेलं जनावर आमच्या चुलीवर चढायचं नाही. चार पायांचं चाले, दोन पायांचं चाले. मासाही चाले, कारण त्याला पायच नसल्यामुळं तो या भानगडीत पडत नव्हता. पण चाराच्या वर गेलं की विषय संपला. हा कायदा माझ्या पणजोबांनी केला असं आई सांगे. पणजोबांनी जन्मात दुसरं काही केल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नाही.

कायद्याची खरी गोम पायांत नव्हती, मिशीत होती. ओढ्याकाठी बिळात हात घालून खेकडे धरणारी माणसं वेगळी आणि आम्ही वेगळे. आम्ही म्हणजे कोण, तर घराण्यातल्या कुणी एकानं कधीकाळी पन्हाळ्यावर पहारा केला होता, आणि त्या पहाऱ्याच्या जोरावर आम्ही चार पिढ्या मिशीला पीळ देत आलो होतो. पहाऱ्यावर तो जागा होता की झोपला होता, हे विचारायची घरात पद्धत नव्हती.

मी स्वतः दरबारच्या एका कचेरीत कारकून. कागद आला की आला म्हणून लिहायचं, गेला की गेला म्हणून लिहायचं. एवढी जबाबदारी अंगावर असलेल्या माणसानं डोक्याला फेटा बांधून रस्त्याच्या मधोमध चालायला हरकत नसते, आणि मी तसाच चालत असे. तो फेटा लक्षात ठेवा. पुढं त्यानंच घात केला.

आता माझी पंचेचाळिशी उलटली. गादीवर महाराज तेच आहेत, कचेरी तीच आहे, कागद अजून येतात आणि जातात. माझ्या फजितीची ही गोष्ट घरची मंडळी दर सणाला जेवणं झाली की माझ्याकडूनच वदवून घेतात, आणि मी एखादी गोष्ट गाळली की चार तोंडं एकदम ती भरून काढतात. तेव्हा म्हटलं, आपणच लिहून ठेवावी. निदान लिहिताना मध्ये कुणी हसत नाही.

गाठीच्या तापाचं ते वर्ष. महाराजांना गादीवर बसून थोडीच वर्षं झाली होती. शहरात उंदीर मरायला लागले, मग माणसं मरायला लागली, आणि गाव मोकळं करा असा हुकूम निघाला. सगळी पेठ उठून माळावर आली. कुडाच्या, पाचटाच्या झोपड्या ओळीनं उभ्या राहिल्या. काल ज्यांच्या जोत्याची उंची आमच्या जोत्यापेक्षा दोन हात जास्त होती, ते आज आमच्यासारखेच वाकून आपल्या झोपडीत शिरत होते. आई तापाला शिव्या देई, पण एवढ्या एका गोष्टीचं तिला समाधान होतं.

झोपडीत आम्ही तिघं गेलो आणि महिन्याभरात चौघं झालो. बायकोचं माहेर कोडोलीच्या बाजूला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वाटेवर नाकेबंदी होती, शहरातल्या माणसाला कुणी गावात घेईना. म्हणून पोरगी माळावरच जन्मली. जन्मली तेव्हा चांगली धडधाकट होती. रडली तेव्हा शेजारच्या चार झोपड्यांतून माणसं डोकावली.

दोन आठवडे गेले आणि बायकोचा पान्हा आटला. आटला म्हणजे आधी कमी आला, मग ठिबकला, मग तेवढंही नाही. पोरगी ओढून ओढून थके आणि रडे. आईनं आपली सगळी विद्या वापरली. मेथी दिली, शेपू दिला, बाजरीची पेज दिली. डिंक, खोबरं, खारीक कुठून आणायची? दुकानं बंद, दुकानदारही आमच्यासारखेच कुठल्याशा माळावर. मटणाचा बाजार तर केव्हाच उठला होता. म्हशीचं दूध पातळ करून कापसाच्या बोळ्यानं पाजून पाहिलं. पोरगी ते घेई, क्षणभर विचार करी आणि सगळं माझ्या अंगावर परत करी. घरचा कर्ता कोण हे तिला तेवढ्यात कळलेलं दिसत होतं.

मग कर्त्यानं कर्तबगारी दाखवायची ठरवली. म्हटलं, बाळंतिणीला रस्सा पाहिजे ना, मी आणतो. दोन कोसांवरच्या एका वाडीच्या वेशीबाहेर उभं राहून मी कोंबडा आणला. विकणारा म्हणाला, "पावणं, असला कोंबडा तुमास्नी पुन्हा मिळायचा न्हाय." खरं बोलला बिचारा. तो कोंबडा माझ्याबरोबरीचा असावा. सकाळी चुलीवर चढवला तो दिवस मावळेपर्यंत शिजला, आणि शेवटी आईनं त्याचा पाय हातात घेऊन वाकवून पाहिला तर तो वाकेना. रस्सा म्हणून जे निघालं ते गरम पाणी होतं.

"घोड्याच्या खोगिराला लाव त्ये," आई म्हणाली. "कातड्याचं काम करंल."

बायको तेवढी हसली. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदाच. मग हसता हसता थांबली आणि हळूच म्हणाली, "आवं, ऐकलं का. खाली भाताच्या बांधाला खेकडं हायती. आमच्याकडं बाळंतिणीला त्येचंच कालवण देत्यात. पाय वाटायचं, फडक्यातनं रस गाळायचा, लसूण-हळद-मिरी घालून उकळायचा. माझ्या चुलतीला चार दिसांत दूध आलतं."

आई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. म्हणजे ऐकलं होतं.

मी काय करायला हवं होतं? उठून बांधावर जायला हवं होतं. मी काय केलं? मांडी ठोकून बसलो आणि बायकोला आमच्या घराण्याचा इतिहास सांगितला. पन्हाळ्याचा पहारा सांगितला. पणजोबा सांगितले. पाचटाच्या झोपडीत, खाली पोतं, समोर न शिजलेला कोंबडा, मांडीवर उपाशी पोर, आणि मी सांगतोय की आमच्या चुलीची काही रीत आहे. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." नवऱ्याला गार करायला यापेक्षा मोठा शब्द लागत नाही.

त्यानंतर दोन दिवसांत पोरीचं रडणं बदललं. आधी ते चार झोपड्यांपलीकडं जाई, आता आमच्याच झोपडीत पुरेनासं झालं. पोत्यात अडकलेल्या मांजराच्या पिल्लासारखा आवाज यायचा, आणि मग तोही थांबायचा. रडत असली की वाटे गप्प बसावी, आणि गप्प बसली की मी उठून तिच्या नाकाशी बोट धरून बघे. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, फेटा बांधला आणि आईला सांगितलं, "कचेरीतला जोडीदार आजारी हाय म्हणं. बघून येतो."

हा जोडीदार माळाच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होता आणि त्याला साधी सर्दीही नव्हती. पण खोटं बोलताना माणूस हाताशी असलेलं नाव वापरतो.

मी गेलो खाली, भाताच्या खाचरात. ज्या म्हाताऱ्याचं ते रान होतं तो बांधावर ओणवा होऊन चिखलाचे गोळे बिळांत कोंबत होता. खेकड्यांनी त्याचा बांध पोखरून चाळण केली होती. भातातलं पाणी त्या बिळांतून ओढ्यात पळत होतं.

"मामा, खेकडं हायती का?" मी असं विचारलं जणू मला नकोच आहेत.

त्यानं माझ्या फेट्याकडं पाहिलं. "हायती की. खायाला पायजेत का कचेरीत न्यायाला?"

"औषधाला."

"औषधालाच असत्यात," तो गंभीरपणे म्हणाला. "फेटेवाला आला की औषधालाच न्हेतोय. घाला हात."

मी हात घातला. पुढचं लांबवत नाही. आत कुणीतरी माझं बोट धरलं आणि ते सोडायचा त्याचा विचार दिसेना. मी हात बाहेर काढला तर बोटाला खेकडा लोंबत होता. मी ओरडलो नाही, पण ओढ्यापलीकडचे बगळे उडाले एवढं खरं.

"ओढू नका," म्हातारा शांतपणे म्हणाला. "पाण्यात हात बुडवा. पाणी लागलं की आपसूक सोडतंय. जोर केला तर त्येला बी जोर येतोय."

हात बुडवला. त्यानं सोडलं. मग म्हाताऱ्यानं मला खेकडा पाठीवरनं कसा धरायचा, नांग्या दुमडून कशा दाबायच्या हे शिकवलं, आणि तासाभरात आम्ही दोघांनी सात खेकडे काढले. आम्ही म्हणजे सहा त्यानं आणि एक मी, तोही माझ्या बोटावर स्वतःहून आलेला.

आता न्यायचे कशात? पिशवी आणली नव्हती, कारण पिशवी घेऊन कुणी आजारी माणसाला बघायला जात नाही. धोतराच्या ओच्यात घ्यायची छाती नव्हती. आत सात जण जिवंत होते. शेवटी मी डोक्याचा फेटा सोडला, दुहेरी केला, खेकडे त्यात बांधले आणि घट्ट गाठ मारून गाठोडं हातात घेतलं. म्हातारा काहीतरी बोलणार होता, पण मग बोलला नाही. नंतर मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "मला वाटलं, तुमच्यासारक्या शान्या माणसाला ठावं असंल."

ठाऊक होतं हो. आमच्याकडं कुणालाही ठाऊक आहे. माणूस सोडलेला फेटा हातात घेऊन बोडक्या डोक्यानं घरी येतो तो एकाच ठिकाणाहून. त्यात माळावरची मढी जाळायची जागा त्याच ओढ्याच्या अंगाला होती, त्यात ते तापाचे दिवस, आणि त्यात मी आईला सांगून गेलो होतो की जोडीदार आजारी आहे.

आई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मला चढावरून येताना पाहिलं. माझं बोट ठणकत होतं, त्यामुळं चेहराही प्रसंगाला शोभेल असाच असावा. तिच्या हातातलं सूप खाली पडलं आणि तिनं गळा काढला. एका बाईनं गळा काढला की माळावर कारण विचारायची पद्धत राहिली नव्हती. शेजारची बाई रडत बाहेर आली, तिच्या पलीकडची आली, बघता बघता सगळी ओळ रडायला लागली. आई माझ्या जोडीदाराचे गुण सांगून रडत होती. त्याच्यात इतके गुण आहेत हे कचेरीत आम्हाला कधी दिसलं नव्हतं.

मी "आगं, ऐक तरी," म्हणत होतो, पण मला वाटतं ते मी मनातल्या मनात म्हणत होतो.

एवढ्यात तो जोडीदार स्वतःच आला. रडणं ऐकून माळाच्या दुसऱ्या टोकाहून धावत आला होता, धापा टाकत होता. माझं बोडकं डोकं बघून त्यानं आपली टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

शेजारची बाई पदरानं नाक पुसत म्हणाली, "तुमीच की."

आणि त्याच वेळी माझ्या हातातला फेटा हलला. आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. मग गाठीतून एक नांगी बाहेर आली आणि तिनं हवेत चाचपून बघितलं. मी गाठोडं टाकून दिलं. फेटा सुटला आणि सातही खेकडे आमच्या घराण्याच्या अब्रूसकट सगळ्या माळासमोर आडवे चालू लागले.

आधी पोरं हसली, मग बायका. माझा जोडीदार, जो नुकताच मेला होता, तो तर खाली बसून हसला. आई उभीच होती. माझं म्हणाल तर ताप येऊन पडावं असं त्या घटकेला वाटलं, पण तो वर्षभर मला शिवला नाही.

मग आमच्या झोपडीतून ते मांजराच्या पिल्लासारखं रडणं ऐकू आलं. सगळे हसत होते तरी आईला ते ऐकू आलं. तिनं डोळे पुसले, खाली वाकली आणि पायाशी आलेल्या खेकड्याकडं निरखून पाहिलं.

"ह्येला पाय किती?" तिनं मला विचारलं.

"धा," मी म्हणालो. कारकून असल्यामुळं मी सगळं धरून सांगितलं.

"आठ," झोपडीतून बायकोचा आवाज आला. चारचौघांसमोर तिनं मला खोडून काढायची ती पहिली वेळ. नंतर सवय झाली. "पुढच्या दोन नांग्या हायत, आत्याबाई. त्येनं खातोय त्यो. चालत न्हाय."

"म्हंजे हात झालं."

"व्हय. हातच की."

आईनं बोटांवर हिशेब केला. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आठ पाय. दोघांत एक खेकडा. माणशी चार. आमच्या घरात चारापतोर चालतंय, पैल्यापास्नं चालतंय. हसायला काय झालं तुमास्नी?"

मी रोज दरबारचे कागद वाचणारा. मोठमोठ्या वकिलांचे अर्ज माझ्या हाताखालून गेलेत. पण असा निवाडा मी आजवर वाचलेला नाही.

पाटा मांडला. बायकोनं आतून सांगायचं आणि आईनं वाटायचं. फडक्यातून रस गाळला, लसूण ठेचून घातला, आणि झोपडीत असा वास सुटला की शेजारच्या बायका काही ना काही मागायच्या निमित्तानं येऊन गेल्या. कालवण तयार झालं तेव्हा आईनं दोन वाट्या समोर घेतल्या आणि पळीनं तोलून तोलून निम्मं-निम्मं केलं. सातातल्या एका खेकड्याला एक पाय कमी होता. त्यावर ती थोडी अडली, पण कमी असणं कायद्यात बसतं असं तिचं मत पडलं.

एक वाटी बायकोची. दुसरी कुणाची? मी हात पुढं केला. एवढं बोट फोडून घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर वासानं जीव कासावीस झाला होता.

"तू न्हाय," आई म्हणाली. "तू कर्ता हायस. उद्या कचेरीत जाशील, कुणी इचारलं तर न्हाय म्हणायला एक तोंड पायजे घरात."

आणि जन्मात खेकड्याकडं न बघितलेल्या माझ्या आईनं डोळे मिटून ती वाटी तोंडाला लावली. सून संकोचून बसली होती. वाटी निम्मी झाल्यावर आईनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, "पी की. मी एकटीच मोडू का कायदा?" थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "उद्या मिरी जरा जास्त टाक."

उद्याचं माझ्याकडं लागलं. मी पिशवी घेऊन बांधावर गेलो तर तिथं आधीच पाच-सहा माणसं ओणवी झालेली, काल सर्वांत मोठ्यानं हसलेली तीच. पुढच्या आठ दिवसांत माळावरून फेटे हातात धरून बोडकी माणसं येता-जाता दिसायची आणि कुणी रडत नसे. मटण नव्हतं, डाळ संपत आली होती, पण म्हाताऱ्याचा बांध आणि खालचा ओढा मिळून अख्ख्या माळाला पुरले. म्हातारा खूश होता. त्याचं पाणी भातात थांबलं होतं, आणि तो प्रत्येकाला विचारी, "औषधालाच ना?"

ओढ्यात शिंपल्या सापडायला लागल्या तेव्हा आईनं त्यांना माशाच्या कलमाखाली पास केलं. पाय नाहीत. गोगलगायीचा प्रश्न जरा नाजूक होता. बायको म्हणाली, "आत्याबाई, तिला पोटाखाली एकच पाय असतोय. त्येच्यावरच सरकती." आई म्हणाली, "एक म्हंजे चाराच्या आतच झालं." पणजोबांचा कायदा एवढा मोठा आहे हे पणजोबांनाही ठाऊक नसेल.

चौथ्या दिवशी काही झालं नाही. पाचव्या दिवशी मी कुठूनसा परत आलो तर झोपडीत रडणं नव्हतं. माझे पाय दारातच थांबले. रोजच्या सवयीनं मी बोट पुढं धरून आत गेलो. पोरगी बायकोच्या छातीशी होती आणि घुटके घेत होती. मोठे, हावरट, आवाज येईल असे घुटके. बायको हलत नव्हती. आई समोर बसून नातीचा गळा वरखाली होताना बघत होती. मग पोरगीनं तोंड सोडलं, एक ढेकर दिला आणि मान टाकून झोपली. दूध तिच्या हनुवटीवरून खाली ओघळलं.

आई उठली, कोपऱ्यातल्या दोन्ही वाट्या घेतल्या आणि बाहेर जाऊन राखेनं घासत बसली. कितीतरी वेळ घासत होती. वाट्या तेवढ्या काही खरकट्या नव्हत्या.

ताप ओसरला, आम्ही घरी परतलो, आणि उंबऱ्यातच आईनं बजावलं की माळावर काय शिजलं ते माळावरच राहिलं. मी होकार दिला. आठवड्याभरात तो भातवाला म्हातारा शहरात आला तेव्हा दारातून हाक मारून म्हणाला, "पावणं, औषध आणलंय." सगळ्या गल्लीनं ऐकलं. आईनं त्याला चहा दिला आणि औषध आत घेतलं.

तेव्हापासून आमच्या घरात खेकडा दोघांत एक असाच होतो. पाहुण्यांना हे विचित्र वाटतं. एकट्या माणसाला आमच्याकडं खेकडा मिळत नाही. त्याला आधी जोडीदार शोधावा लागतो. कित्येक वर्षांनी आई आजारी पडली, शेवटचीच. जेवण तुटलं होतं. एके दिवशी म्हणाली, "त्येचं पाणी करून दे गं." बायकोनं केलं, दोन वाट्या भरल्या, आणि मी सवयीनं हात पुढं केला. म्हटलं, आता तरी.

"तू कचेरीत जातोस," आई म्हणाली. आवाज बसला होता, तरी नियम बसला नव्हता. "निम्मं पोरीला दे."

पोरगी तोवर चांगली उंच, दणकट झाली होती, मला एका हातानं बाजूला सारील अशी. ती आजीजवळ बसली. दोघींनी आपापली वाटी हातात घेतली, आणि आजीनं पहिला घोट घ्यायच्या आधी वाकून दोन्हींतलं कालवण सारखं आहे का ते बघितलं.

मी दारात उभा राहिलो. डोक्याला फेटा होता, तोच. कितीदा धुतला, पण पावसाळी हवेत अजूनही त्याला ओढ्याचा वास येतो, आणि कचेरीत माझा जोडीदार टोपी काढून हलक्या आवाजात विचारतो, "कोण गेलं?"